तुतवारीचं सासर

कृष्णेपासून मलप्रभेपर्यंत येडी माणसं पुष्कळ झाली, पण माझ्या मेव्हण्याच्या नखाची सर त्यातल्या एकालाही यायची नाही. हे मी रागानं लिहीत नाही. राग होता तेव्हा लिहायला बसलो असतो तर कागद फाटला असता. हा माणूस बेळगावच्या वडगावातला विणकर. मागावर बसला की त्याच्या हाताखालून लुगडं असं उतरायचं की बायकांनी पदरावरून हात फिरवून डोळे मिटावेत. आणि एवढ्या गुणी माणसाच्या डोक्यात काय, तर पाखरू. मूठभर, मातकट रंगाचं, पोटाशी पांढरं, काडीच्या पायांचं, पाण्याच्या कडेनं सारखं ढुंगण हलवत फिरणारं. आमच्याकडं त्याला तुतवार म्हणतात. या तुतवारीपायी माझ्या बायकोचं माहेर चार वर्षं बंद होतं. बंद मीच केलं होतं, तेही आत्ताच सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही पुढं वाचत जाल आणि मनात म्हणाल, म्हातारा काहीतरी लपवतोय.

मी निपाणीजवळच्या बोरगावचा. मराठी तिसरी झाली आणि मास्तर आणि मी दोघंही एकमेकांना कंटाळलो. मग बैलगाडी. सगळी उमर तंबाखूची पोती निपाणीच्या वखारीला पोचवण्यात गेली. बोलणं बैलांशी जास्त झालं आणि माणसांशी कमी, त्यामुळं माझं बोलणं जरा टोचतं. बायको गेली मागच्या पौषात. ती असती तर हे सगळं तिनंच सांगितलं असतं आणि माझ्यापेक्षा चांगलं सांगितलं असतं, कारण भावाची नक्कल तिच्यासारखी कुणाला साधत नव्हती. पण आता ती नाही आणि मेव्हणा स्वतःबद्दल सांगायला लागला की पाखरावरच जातो, तेव्हा हे काम माझ्या गळ्यात आलं.

तर मेव्हण्याचं म्हणणं काय होतं ते ऐका. वडगावाबाहेर येळ्ळूरच्या वाटेला एक लहानसं तळं होतं, दगडी पायऱ्यांचं. त्या पायऱ्यांवर दरसाल नागपंचमीच्या सुमाराला ही तुतवार यायची. एकटीच यायची. अक्षयतृतीया झाली की एके दिवशी संध्याकाळी उठायची आणि बेळगावच्या किल्ल्याच्या अंगानं उत्तरेला जायची. मधले तीन महिने तळं मोकळं. हे त्यानं पोरवयातच ताडलं होतं, धाकट्या बहिणीला कडेवर घेऊन तळ्यावर जायचा तेव्हा. गावातल्या बाकीच्यांनीही ते पाखरू बघितलं होतं, पण त्यांनी बघितलं आणि सोडून दिलं. यानं विचार केला. विचार करायची सवय नसलेल्या माणसानं एकदम एवढा मोठा विचार करू नये. पंचमीला गावात कोण येतं? माहेरवाशीण येते. मग ही कोण? झालं. त्या दिवसापासून ती तुतवार वडगावची लेक ठरली, आणि लेकीला भाऊ पाहिजे म्हणून हा तिचा भाऊ ठरला.

मी लग्नानंतर पहिल्यांदा सासुरवाडीला गेलो तेव्हा मला जेवायच्या आधी तळ्यावर नेलं. ओळख करून द्यायला. मी म्हटलं, "पावणं, नऊ म्हयनं माहेरात ऱ्हानारी बाई कुठं बघितलीसा? हिला नवऱ्यानं टाकल्याली दिसती." मेव्हण्याचं तोंड लालभडक झालं. "दाजी," तो म्हणाला, "दुसरं काय बी बोला. तिच्या चालीवर बोलायचं न्हाय." मी म्हटलं, "बरं, पण दरसाली हीच येती कशावरनं? पाखरं काय थोडी हाईत मुलखात?" तर म्हणाला, "पायरी तीच, दगूड तोच, चालनं तेच. तुमची बायकू समोरनं आली तर वळकता न्हवं? का पायातली जोडवी बघून ठरीवता?"  मी घरी येऊन बायकोची जोडवी बघितली, कारण तोवर कधी बघितलीच नव्हती.

तो तिच्याशी कानडीत बोलायचा. घरात मराठी, मागाशी मराठी, देवाशी मराठी, आणि पाखराशी कानडी. "बा तंगी, बा," म्हणायचा. तंगी म्हणजे धाकटी बहीण. माझ्या बायकोलाही तो तंगीच म्हणायचा, त्यामुळं तळ्यावर दोघी असल्या की एकीला हाक मारली तर दुसरी बघायची, आणि पाखरू आधी बघायचं असं तो शपथेवर सांगायचा. कानडीत का, म्हणून विचारलं तर म्हणाला, "ती लांबच्या मुलखातली सून. तिकडं मराठी कोन बोलतंय?" मी म्हटलं, "मग तिकडं कानडी बोलत्यात व्हय?" तो विचार करून म्हणाला, "मराठी न्हाय येवढं नक्की. मंग ऱ्हायलं काय?"

या पाखराची एक खोड आहे. उभं असलं तरी त्याचं ढुंगण थांबत नाही, खालीवर, खालीवर. ते बराच वेळ बघत बसलं की बघणाऱ्याची मान त्याच तालावर हलायला लागते. मेव्हण्याची मान अशी वर्षानुवर्षं हलून हलून तशीच पडली. त्याचं लग्न त्या मानेनंच जमवलं. मुलीचा बाप वडगावात आला, हा घरी नाही, म्हणून तळ्यावर गेला. शेजारी बसून विचारलं, "पोरगी पसंत हाय न्हवं?" मान हलली. "मग ह्या वैशाखात धरू?" मान हलली. "लगीन आमच्या दारात?" मान हलली. बापाला वाटलं, असा गरीब जावई शोधून मिळायचा नाही. मेव्हण्याला सुपारी फुटल्यावर कळलं. पण संसार बरा झाला. वहिनी अजून म्हणते, "मला ह्येनी न्हाय, त्या पाखरानं पसंत केलं. पाखराची पारख बरी."

एका वर्षी त्याला लहर आली की लुगड्याच्या काठात तुतवारी विणायच्या. महिनाभर मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसला, एकेक तुतवार हातानं धागे उचलून भरली, चोच, पाय, पांढरं पोट, सगळं. दोन्ही काठांना तुतवारींची रांगच्या रांग. शहापुरातल्या दुकानदारानं लुगडं उलगडलं, चष्मा वर केला, चष्मा खाली केला आणि विचारलं, "हे उंदीर कशाला काढलंत?" मेव्हणा त्या दुकानाची पायरी पुन्हा चढला नाही. लुगडं बहिणीला दिलं. ती ते नेसून आमच्या बोरगावात पाण्याला गेली की बायका म्हणायच्या, "आली गं उंदरांच्या लुगड्याची." ती म्हणायची, "उंदीर न्हाईत, माझी भन हाय ती." मग बायका हसायच्या आणि ती त्यांच्यापेक्षा मोठ्यांदा हसायची. मी घरात बसून दात खायचो. पाखराचा मेव्हणा म्हणवून घेण्यापेक्षा उंदराचा बरा, असं मला वाटायचं.

अक्षयतृतीयेला लेक सासरी जाणार म्हणून तो तिची ओटी भरायचा. स्वतः विणलेला वीतभर खण, त्यावर मूठभर तांदूळ, नारळाची वाटी, हळदकुंकू. तळ्याच्या तिसऱ्या पायरीवर ठेवायचा आणि लांब जाऊन बसायचा, कारण ओटी भरताना पुरुषानं जवळ असू नये. एकदा शेजाऱ्याची शेळी आली आणि तांदूळ, खोबरं, खण, सगळं खाऊन गेली. याला वाईट वाटलं असेल म्हणून मी समजूत घालायला गेलो, तर हा शांत. म्हणाला, "असू द्या. नणंद असंल. नणंदा असंच करत्यात." पुढं वर्षभर ती शेळी दिसली की तो तिला रस्ता द्यायचा, पण बोलायचा नाही.

आणि सासरच्यांचा राग तर असा, की जन्माचं वैर. पाखरू पंचमीला यायचं ते वाळलेलं, छातीचं हाड वर आलेलं, पिसं मळकी झालेली. वैशाखात जायचं ते गुबगुबीत, मानेला वळ्या पडतील असं. यावरून मेव्हण्यानं तिच्या सासरचं सगळं घर उभं केलं होतं. सासू खवीस. सासरा मुका. नवरा आईच्या धाकातला. नणंदा सात. मी विचारलं, "सातच कशावरनं?" तर म्हणाला, "येवढी वाळती म्हंजे सातच. पाचांच्यानं येवढं हुयाचं न्हाय." रोज संध्याकाळी माग बंद केला की तो दारात येऊन उत्तरेकडं तोंड करायचा आणि त्या अनोळखी माणसांना मोजून चार शिव्या द्यायचा. देवाला दिवा लावावा तशा नेमानं. पाहुणा आला, पाऊस आला, ताप आला, शिव्या चुकल्या नाहीत.

आता माझं भांडण. आमच्याकडं पंचमीला सासुरवाशिणीला न्यायला तिचा भाऊ येतो, त्याला मुराळी म्हणतात. भाऊ आला नाही तर बाईनं जायचं नाही. आपल्या पायानं माहेरी गेली तर लोक दहा अर्थ काढतात. मेव्हणा दरसाल पंचमीच्या आदल्या दिवशी लाह्यांची पिशवी घेऊन हजर व्हायचा. तुतवार आली की निघायचा, असा त्याचा हिशेब, आणि तुतवार वेळेला पक्की होती म्हणून तोही पक्का होता. पण एका साली तो आलाच नाही. बायको पहाटेपासून नेसून, बोचकं बांधून दारात बसलेली. गल्लीतल्या बाकी सुना गेल्या. गावातल्या लेकी आल्या, लिंबाला झोके बांधले, गाणी सुरू झाली. जाणारी येणारी विचारायची, "मुराळी न्हाय आला व्हय गं?" ही म्हणायची, "वाटंत हाय." दुसऱ्या दिवशी वाटेत. तिसऱ्या दिवशी वाटेत. झोके सोडले, दोर गुंडाळून ठेवले, तरी ही म्हणायची वाटेत हाय. नवव्या दिवशी स्वारी आली, गुडघ्यापर्यंत चिखल, तोंडभर हसू.

मी विचारलं, "काय झालतं?"

"काय न्हाय, दाजी. तंगी आली न्हवती. काल दुपारी आली. एकीचा पत्त्या न्हाय आन् दुसरीला झोक्यावर बसवू व्हय? मन हुईना."

मी जे बोललो ते बैलांनीही ऐकलं नव्हतं. शेवटचं तेवढं लिहितो. "त्या पाखराला भन म्हनता न्हवं? मग तिलाच घिऊन बसा. आजपास्नं माझी बायकू तुमची भन न्हाय. माझ्या उंबऱ्याभाईर ती तुमच्यासंगं पाऊल टाकनार न्हाय." मेव्हण्याची हलती मान पहिल्यांदा थांबलेली मी बघितली. आणि बायको काय म्हणाली असेल? नऊ दिवस दारात बसलेली बाई? ती म्हणाली, "आली न्हवं पन, अण्णा? बरी हाय न्हवं?" त्यानं तर माझं डोकंच गेलं. मी शब्द मागं घेणाऱ्यातला नाही. गाडी चिखलात रुतली तर मी बैल सोडून चालत घरी येईन, पण मागं वळवणार नाही. तसं ते माहेर रुतलं.

त्यानंतरच्या पंचम्यांना मेव्हणा वेळेवर यायला लागला. तुतवार बघून येतो का न बघता येतो, हे मी विचारलं नाही. आता कळतं की न बघता यायचा, आणि त्याच्यासारख्याला ते केवढं जड गेलं असेल. तेव्हा दुसरी जर्मन लढाई चालू होती, पेट्रोल मिळत नव्हतं, मोटारी कोळशाच्या गॅसवर चालायच्या. मागच्या बाकावर बसून यायचा तो काळाकुट्ट होऊन. ओट्यावर बसायचा, लाह्या द्यायचा, जेवायचा. न्यायचं नाव काढायचा नाही. "येतो तंगी," म्हणायचा आणि परत मोटारीला जायचा. मी गोठ्यात जाऊन बसायचो, नसलेलं काम करत. बायकोही मला एका शब्दानं बोलली नाही. चार वर्षांत एकदाही, "मला जाऊ द्या," नाही. मला वाटलं, सुटली सवय. बरं झालं.

चौथ्या पंचमीला मेव्हणा आला तेव्हा आमच्या ओट्यावर शेजारचा हवालदार बसला होता. हा पलटणीतून पेन्शन घेऊन आलेला, मिशा अशा की त्यावर लिंबू ठेवावं. उत्तरेला काश्मीरच्याही वर, डोंगरातल्या चौकीवर राहून आलेला, आणि तिथली थंडी रोज कुणाला ना कुणाला सांगितल्याशिवाय त्याला जेवण जात नसे. उत्तर म्हटल्यावर मेव्हण्याचे कान टवकारले. "तिकडं आमची लेक दिलीया," तो म्हणाला. हवालदार चक्रावला. मग मेव्हण्यानं पाखराचं सगळं वर्णन केलं, चोच, पाय, पोट, आवाज.

"थांबा," हवालदार म्हणाला. "ते असं करतंय काय?" आणि तो मिशावाला माणूस ओट्यावरनं उतरला, काठी काखेत धरली, कंबरेत वाकला आणि अंगणभर ढुंगण खालीवर करत तुरुतुरु चालला. बायको स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडात कोंबून उभी. मी हसून हसून खांबाला धरलं.

"त्येच!" मेव्हणा ओरडला. "आमची तंगी! कशी हाय तिकडं? हाल लई करत्यात व्हय तिचं?"

"हाल कशाचं?" हवालदार धापा टाकत बसला. "आमच्या चौकीखाली नदी हाय. तिच्या काठाला गोट्यांत अंडी घालतंय की ते. चार अंडी. मी सोता बघितल्यात. जेष्ठाच्या टायमाला. पिल्लं बी बघितल्यात, कापसाच्या बोंडागत."

"अंडी?" मेव्हणा म्हणाला. "तिकडं?"

"तिकडंच. हिकडं कवा घातल्याली बघितलीसा?"

"न्हाय. हिकडं कवाच न्हाय."  मेव्हणा हळूच म्हणाला, "हवालदार, बाई बाळंतपनाला कुठं जाती?"

"कुठं म्हंजे? माहेराला."

 मेव्हण्याच्या तोंडावरून तो विचार पुढं सरकताना मला दिसत होता, गाडी चढ चढावी तसा. "म्हंजे," तो म्हणाला, "माहेर तिकडं. तीन म्हयनं जाती ते बाळंतपनाला. आन् बाकीचं नऊ म्हयनं... म्हंजे हे सासर. वडगाव सासर." त्यानं माझ्याकडं बघितलं. "दाजी, मंग सासू कोन?"

मी मांडीवर थाप मारली. "तुमी, पावणं! खवीस तुमीच! आन् सात नणंदा कुठनं आनायच्या आता?" बायकोनं डोळे वटारले, पण मी चार वर्षांचं हसून घेतलं. वीस वर्षं हा माणूस रोज संध्याकाळी तिच्या माहेरच्या गरीब माणसांना शिव्या घालत होता! मेव्हणा उठला, अंगणात जाऊन उत्तरेकडं तोंड करून उभा राहिला आणि स्वतःच्या गालात मारून घ्यायला लागला. "चुकलं व्याहीबुवा," एका गालात. "चुकलं विहीणबाई," दुसऱ्या गालात. हवालदार म्हणाला, "बास की आता, पोचलं तिकडं." तरी हा थांबेना. वीस वर्षांच्या रोज चार, तेवढ्या सगळ्या परत घ्यायच्या म्हणजे गाल पुरणार नव्हते.

आणि मध्येच त्याचा हात वरच्या वर राहिला. तो तसाच खाली बसला, अंगणात, शेणाच्या सड्यावर. मी म्हटलं, झालं काय? तर त्याच्या डोळ्यांतनं पाणी.

"दाजी," तो म्हणाला, "त्या साली ती उशिरा आली न्हवं का, नऊ दिवस, तवा तुमी रागावलासा. ती का उशिरा आली ठावं हाय? त्या वैशाखात मी तिला धरून कोंबड्यांच्या डालग्याखाली ठिवलीती. म्हटलं सासरला जाऊन वाळती, ऱ्हाऊ दे आठ दिवस. गांडुळं घातली, पानी ठिवलं. लई उड्या मारायची. डालग्याच्या काड्यांतनं चोच भाईर काढून वर बगायची. मला वाटायचं माझ्याकडं बगती. आठ दिवस झालं आन् सोडली. उशिरा गेली म्हनूनच उशिरा आली की ती." त्यानं नाक पुसलं. "माहेराला निगाल्याली बाई, दाजी. पोटुशी. आन् मी डालग्याखाली ठिवली. मायेनं ठिवली. पन तिला काय ठावं माया का काय ते? तिला डालगंच दिसलं असंल."

तो हे मला टोचायला बोलला नाही, हे लक्षात घ्या. तसा बोलणारा असता तर चार वर्षं लाह्या घेऊन आला नसता. तो खरंच त्या पाखराला रडत होता.  पण कुणीही माझ्याकडं बघितलं नाही. हवालदार स्वतःच्या काठीचं टोक बघत होता, मेव्हणा उत्तरेकडं, आणि बायको दाराच्या चौकटीवरची एक खिळ्याचं भोक होतं त्याच्याकडं. कुणी बघितलं असतं तर मी भांडलो असतो. भांडायला माणूसच मिळालं नाही. मी मठ्ठ आहे, पण माझ्या डोक्यालाही ते डालगं दिसलं.

मी म्हटलं, "अगं, बोचकं बांध."

"कुनाचं?" ती म्हणाली.

"कुनाचं म्हंजे? हवालदाराचं व्हय? तुजं. मुराळी आलाय न्हवं का."

ती आत गेली आणि मी पाणी पिऊन होईतोवर बाहेर आली, बोचकं काखेत. मी म्हटलं, "येवढ्यात बांधलंस?" ती म्हणाली, "दरसाली बांधून ठिवतो. सा-सात दिवस बगायचं आन् सोडायचं." आवाजात राग नव्हता. बैलाला पाणी दाखवलं का, असं विचारावं तसं बोलली. दोघं गेली मोटारीच्या वाटेनं, पुढं तो आणि मागं ती, आणि तिची चाल अशी की त्याला पळावं लागत होतं.

पंधरा दिवसांनी मी तिला आणायला वडगावला गेलो. घरी कुणी नाही, तळ्यावर गेलो. मेव्हणा आता तुतवारीचा सासरा झाला होता आणि सासऱ्याच्या रीतीनं वागत होता. पायऱ्या उतरायच्या आधी मोठ्यांदा खाकरायचा, सुनेला पदर सावरायला वेळ मिळावा म्हणून. तंगी म्हणणं बंद, "सूनबाई" सुरू. नऊ हातांच्या आत जायचा नाही. येत्या वैशाखात तिचं डोहाळजेवण करायचं त्यानं ठरवलं होतं आणि सुनेला गांडुळं आवडतात तर पंगतीला दुसरं काय ठेवावं यावर वहिनीशी त्याचं भांडण चाललं होतं. आणि पायरीवर माझी बायको हवालदाराची नक्कल करत होती. मिशीला पीळ देत, काखेत लाटणं धरून, वाकून, तुरुतुरु. वहिनी हसून पायरीवर लोळायची बाकी. आणि बायको स्वतः हसत होती ते हसू मी कधी ऐकलं नव्हतं. चौदा वर्षं एका घरात राहून. पोरीसारखं, मध्येच श्वास अडकून पुन्हा सुरू होणारं. मी तिथंच झाडाच्या आडोशाला उभा राहिलो, खाकरलो नाही.

शेवटी तिनं मला बघितलं. हसू गेलं, पदर सारखा झाला. "आलासा व्हय? चला, निघू या," म्हणाली आणि चप्पल शोधायला लागली.

मी म्हटलं, "ऱ्हा अजून आठ दिवस."

ती जवळ आली, मेव्हण्यासमोर, वहिनीसमोर, आणि माझ्या कपाळाला हात लावून बघितला. "ताप न्हाय," म्हणाली. "मग काय झालंय तुमास्नी?"

मी एकटाच परतलो. बोरगावात आठ दिवस चूल मीच पेटवली. भाकरी थापायला गेलो तर परातीत पसरली, तव्यावर तुटली, मध्ये जळली आणि कडेला कच्ची राहिली. तीच खाल्ली. ती यायचा दिवस ठाऊक होता, त्यामुळं कच्ची भाकरीही बोचली नाही. पुढं ती दर पंचमीला जायची आणि मी दर वर्षी एकेक दिवस उशिरा आणायला जायचो, मुद्दाम, आणि तिला सांगायचो की मोटार चुकली. तिला खरं ठाऊक असणारच. मेव्हणाही आता थकला, माग सोडला, पण महिना-दोन महिन्यांनी मोटारीत बसून बोरगावाला येतो. मी भाकरी थापतो, तो समोर बसतो. अजून कडेला कच्चीच राहते. तो सगळी खातो, ताटात कण ठेवत नाही, आणि म्हणतो, "जमाय लागली, दाजी." खोटं बोलतो. मी अजून एक वाढतो.